उजवा मोठा, डावा लहान

एवढीशी कागदी पुडी. चिमटीत धरून मालनने ती कानाशी हलवली, तर आत बारीक खडीसाखरेसारखं काहीतरी सळसळलं. वर इंग्रजीत 'खाऊ नये' असं छापलेलं – म्हणजे कुणीतरी कधीतरी खाल्लंच असणार, तिच्या मनात आलं, आणि तिला उगाच हसू आलं. पुडी बुटातून निघाली होती. डाव्या बुटातून. ती बाजूला ठेवून तिने बूट हातात घेतला आणि हसू ओठांवरच थांबलं, कारण हा बूट शेजारच्या उजव्याचा जोडीदार नव्हता – म्हणजे होता, तपकिरी रंग तोच, शिवण तीच, नाडीच्या भोकांना तीच पितळी कडी… पण हा लहान होता. चांगला दोन बोटं लहान. चुकून आला असेल, असं क्षणभर वाटलं. मग तिने तो आपल्या डाव्या पावलाशेजारी धरला. चुकून नाही. हा जाणूनबुजून लहान आहे.

सकाळी दत्ताराम स्कूटरला किक मारता मारता म्हणाला होता, "पलंगावर खोकं ठेवलंय, बघ जरा. तुझंच आहे," आणि तिने काय ते विचारायच्या आत तो मिरजोळ्याच्या वाटेला लागलासुद्धा. तिथल्या एमआयडीसीत मासेमारीची जाळी करण्याच्या कारखान्यात तो स्टोअर सांभाळायचा. खोक्यावर पत्ता कारखान्याचाच होता, तिकिटं परदेशी, आणि एका कडेने कुणीतरी फोडून पुन्हा चिकटपट्टी मारलेली. आज सोमवार, वाचनालय बंद, म्हणून ती घरी. एरवी या वेळी ती वाचनालयातल्या तिच्या टेबलामागे असती – त्या टेबलाला पुढून फळी होती, जमिनीपर्यंत. नोकरी लागली तेव्हा पगाराच्याही आधी तिने ती फळी बघितली होती.

दोन वर्षांची असताना तिला पोलिओ झाला. ताप उतरला आणि पाय मागे राहिला, आई असंच सांगायची, जणू पाय गुहागरच्या एसटी स्टँडवर चुकून राहून गेला आणि उद्या कुणीतरी आणून देईल. कुणी आणून दिला नाही. उजवा वाढत गेला, डावा आपल्या वेळेने, हळूहळू, मग थांबलाच. मग चपलेच्या पुढच्या भागात कापूस, साडी चार बोटं खाली, कुठेही गेलं की सगळ्यांच्या आधी बसून घ्यायचं आणि सगळ्यांच्या नंतर उठायचं. रामआळीतला धाकू चांभार पट्टा आवळून द्यायचा, तोही मान वर न करता. तो मान वर करत नाही म्हणून ती त्याच्याकडे जायची. माणसं किती चांगली असतात – तिने मनाशी नेहमी म्हटलं होतं – न बघणारी माणसं. आणि त्या सगळ्यांत चांगला दत्ताराम. संसाराला वीस वर्षं होऊन गेली, पण त्याची नजर कधी गुडघ्याच्या खाली गेली नाही.

बघायला आला होता तेव्हा वडिलांनीच विषय काढला. लपवायचं नाही, असं त्यांनी ठरवलेलं. म्हणाले, "मुलीच्या डाव्या पायात जरा कमी आहे." आणि हा खाली मान घालून पोहे खाता खाता म्हणाला, "चालेल." काशीआत्याला हसू फुटलं, मग याच्या लक्षात आलं आपण काय बोललो, आणि तो कानापर्यंत लाल झाला. सगळे हसले. तीही हसली, आतल्या खोलीत, दाराआड. पण पुढे कितीदा तरी, भात गाळताना, कपडे वाळत घालताना, तो शब्द तिने उलटासुलटा करून पाहिला होता… चालेल. चहात साखर कमी आहे – चालेल. खिडकीकडची जागा नाही – चालेल. मी त्या शब्दात राहते, तिला वाटायचं. बरं घर आहे, गळत नाही. आणखी काय पाहिजे माणसाला.

आणि आता हा बूट. म्हणजे हा माणूस बघत होता. कधी? कुठे उभा राहून? आणि बघितलं ते बघितलं, वर कुठल्याशा मुलखातल्या माणसाला कळवलंसुद्धा, इतकं इतकं कमी आहे म्हणून… वडिलांनी सांगितलं ते निदान चार माणसांत. तिच्या कानशिलांत कढ आले. तिने दोन्ही बूट खोक्यात कोंबले, खोकं पलंगाखाली सरकवलं, आणि स्वयंपाकघरात जाऊन कुळथाच्या पिठाला फोडणी घातली. लसूण करपला. तिने तो तसाच राहू दिला.

जेवून आडवी झाली, पण खोकं पलंगाखाली आहे हे पाठीला कळत होतं. शेवटी उठली. दार लावलं, घरात दुसरं कुणी नसताना. आधी उजवा घातला, त्यात काही नवल नव्हतं. मग डावा. पाय आत गेला आणि… थांबला. पुढे पोकळी नाही, बाजूला पोकळी नाही. पायाला चारी बाजूंनी कुणीतरी येऊन भेटलं होतं. ती तशीच बसून राहिली. मग उठून परसदारापर्यंत गेली, परत आली, पुन्हा गेली. टाच मागे राहत नव्हती, बुटाबरोबर येत होती. बाहेर पाण्याच्या पाटाशी कुणाच्या तरी कळशीचा आवाज झाला आणि ती चोरी पकडल्यासारखी पलंगावर बसली. करंगळीपाशी मात्र शिवण टोचत होती, थोडीशी.

दत्ताराम आला तेव्हा बूट पलंगाच्या पायाशी ठेवलेले होते. त्याने ते पाहिले, आणि हातपाय धुवायला गेला. चहा पुढे ठेवून ती म्हणाली,

"हे कुठून आणलंत?"

"कॅनडातून." मिरज म्हणावं तसं म्हणाला. "सुजय गणपतीत आला होता ना, त्याने सायबर कॅफेत बसून दाखवलं होतं बघ. तिकडे एक साइट आहे, जगातली माणसं आपापल्या घरातलं काय काय विकतात. तो म्हणाला, काका, तिथे वाटेल ते मिळतं. म्हटलं बघू तरी, वाटेल ते मिळतं काय." त्याने चहा बशीत ओतला. "एक बाई आहे. तिचा उजवा पाय लहान. तिला दर खेपेला दोन जोड घ्यावे लागतात, त्यातला एकेक उरतो. नवे कोरे. टाकवत नाहीत म्हणून ती विकायला ठेवते. माझ्याकडे कार्ड कुठलं, सुजयनेच त्याच्या कार्डावर मागवले."

"तिला काय कळवलंत?"

"बायकोला हवेत म्हटलं. दोन मापं दिली."

"आणखी?"

तो जरा घुटमळला. "टाचेला घट्ट आहेत काय विचारलं. चालताना तुझी टाच सुटते ना, म्हणून."

बाहेर शेजारच्या माडावर कुणीतरी झावळ्या तोडत होतं, एकेक झावळी खाली पडत होती.

"मला विचारायचंत."

"विचारलं असतं तर तू म्हणाली असतीस, कशाला, माझं बरं चाललंय."

हे खरं होतं. अगदी याच शब्दांत म्हणाली असती. तिला त्याचा राग आला, आणि राग आला म्हणून बरंही वाटलं, कारण दुपारपासून तो राग हाती लागत नव्हता.

"माप कसं घेतलंत?"

"माप…" आता तो खरोखरच ओशाळला. "तू न्हाऊन येतेस ना, ओल्या पायांनी. कोब्यावर पावलं उमटतात. तू आत केस पुसत असतेस. स्टोअरमधली टेप आणली होती." जरा थांबून म्हणाला, "उन्हाळ्यात लगेच सुकतात. पावसाळ्यात बरी राहतात, बराच वेळ."

म्हणजे उन्हाळ्यातही बघितली. म्हणजे टेप आणायच्या आधीही… कधीपासून, हे विचारायला तिने तोंड उघडलं आणि मिटलं. इतकं सगळं झाकलं, आणि पावलं रोज आपली आपण जमिनीवर उमटत राहिली, आणि हा ती सुकेपर्यंत तिथे उभा.

"त्या बाईला काहीतरी कळवायचं असतं," तो म्हणाला. "माल कसा पोचला, पसंत आहे काय, तसा शेरा. तिथे सगळ्यांना वाचता येतो. ती वाट बघत असेल. काय कळवू?"

"करंगळीला लागतो," मालन म्हणाली.

आपणच बोललो हे तिला आवाज ऐकल्यावर कळलं.

"डावा?"

"डावा."

या घरात हा शब्द इतक्या वर्षांत कुणी उच्चारला नव्हता. उच्चारला, आणि काही झालं नाही. त्याने मान डोलवली, बशी खाली ठेवली, बूट उचलला आणि आत बोट घालून करंगळीची जागा चाचपली.

"इथे काय?"

"थोडं पुढे."

"हं. शिवण आहे. धाकू ठोकून देईल. तोवर लिहीत नाही काही."

"नका लिहू," ती म्हणाली. "आधी चालून बघते."

मांडवीच्या धक्क्यापर्यंत गेली दोघं. वाटेत ओळखीची दोन माणसं भेटली, ती थांबली, बोलली, काय बोलली ते मालनच्या ध्यानात राहिलं नाही. तिच्या डोक्यात ती बाई होती – या क्षणी तिकडे कदाचित सकाळ असेल, ती तिचा मोठा डावा आणि लहान उजवा घालून घराबाहेर पडत असेल, आणि तिच्या घरातही कुणी ओल्या पावलांकडे बघत असेल, किंवा नसेल. नसेल तर… आपल्याला तिची इतकी काळजी का वाटावी.

धक्क्यावर वारा होता. दत्ताराम नेहमीसारखा अर्धं पाऊल मागे राहून चालत होता. नेहमीसारखा – तो मागे का राहतो, हा प्रश्न तिला आज पडला. दमतो म्हणून, असं ती धरून चालली होती.

"आणखी काय काय ठाऊक आहे तुम्हाला?" तिने मागे न बघता विचारलं.

"कशाचं गो?"

करंगळी टोचत होती. एवढी वर्षं शेजारी झोपलेला हा माणूस कोण, असं तिला वाटत होतं, आणि तो आपल्याला पाठीमागून बघतो आहे, आत्ता, या पावलाला, याही पावलाला, हे कळून तिची मान तापली. पायाची लाज तिच्या ओळखीची होती, जन्माची सोबत. ही ती नव्हती. ही कुठली, हे आठवायला तिला फार मागे जावं लागलं, गुहागरच्या त्या आतल्या खोलीत, दाराआड, बाहेर हसणाऱ्या माणसांत एका अनोळखी पुरुषाचा आवाज ओळखायचा प्रयत्न करणाऱ्या त्या मुलीपाशी… आणि त्या मुलीला आता काय सांगायचं, हे तिला कळेना. ती तशीच पुढे चालत राहिली, थोडी सावकाश, म्हणजे तो मागे पडणार नाही.