पाठीवरच्या खुणा

चूक लक्षात आली तेव्हा ओलं फडकं नणंदेच्या हातातच होतं आणि फडक्यावर जांभळी शाई उतरली होती.

दोघी नणंद-भावजया एकाच दुकानात कपडे शिवायच्या. नणंद बेतायची, कापायची, वहिनी मशीनवर. वहिनींचा गुडघा पार झिजल्यामुळे धातूचा सांधा बसवायचं ठरलं होतं. पण दोरे कापायच्या कात्रीच्या दांड्याने त्यांच्या अंगठ्याला चट्टा उठतो आणि म्हणून त्या दांड्याला वर्षानुवर्षं चिंधी गुंडाळतात, हे ऐकून डॉक्टरीणबाई थबकल्या. सांध्यातला एखादा धातू अंगाला सोसला नाही तर? आधी तपासणी. निरनिराळ्या धातूंचा अंश लावलेल्या पट्ट्या वहिनींच्या पाठीवर चिकटवल्या गेल्या. आज सकाळी नर्सने त्या काढल्या, प्रत्येकीच्या जागी शाईची खूण केली आणि बजावलं, "पाठ ओली करायची नाही. खरा निकाल परवा."

संध्याकाळी नणंद वहिनींची मान पुसून देत होती. खुणा दिसल्या आणि हात आपसूक खाली सरकला. शिवून झालं की खडूच्या खुणा पुसायच्या, मगच कपडा गिऱ्हाइकाच्या हाती. सगळा जन्म त्यातच गेलेला.

"वहिनी, मी घात केला."

"का हो वन्सं, काय झालं?"

"खुणा पुसल्या. कोणता चट्टा कोणत्या धातूचा, आता कसं कळायचं?"

पुन्हा तपासणी म्हणजे पाठ निवळेपर्यंत थांबणं, म्हणजे शस्त्रक्रियेची तारीख हुकणार. आणि वहिनी तर कूस बदलतानाही ओठ चावत.

"कात्री नाही चालवलीस, हेच नशीब," दारातून नणंदेचा भाऊ म्हणाला. कुणी हसलं नाही.

ठरल्या दिवशी नणंद डॉक्टरीणबाईंसमोर खालमानेने उभी राहिली. "चूक माझी आहे. यांना रागावू नका."

"खुणा केल्या की मी फोटो काढतेच," नर्स म्हणाली. "पुसून येणाऱ्या तुम्ही काही पहिल्या नाही."

मानेखालचा तीळ खूण धरून डॉक्टरीणबाईंनी फोटो पाठीशी ताडून पाहिला. एकच जागा लाल, फुगलेली. "निकेल. बाकी सगळं साफ."

"म्हणजे सांधा नाही बसणार?" नणंदेने विचारलं.

"बसणार. निकेल नसलेला मागवू. तारीख तीच."

नणंद मटकन पेशंटच्या स्टुलावर बसली.

"अहो, ते पेशंटसाठी आहे," नर्स म्हणाली.

"बसू द्या. परवापासून त्यांच्या डोळ्याला डोळा लागलेला नाही," वहिनी पोलक्याची बटणं लावता लावता थांबल्या. "वन्सं, पाठीवर एखादा जांभळा ठिपका राहिला असेल, तर पुसा."

नणंदेने दोन्ही हात पाठीमागे लपवले. "डॉक्टर सांगतील तेव्हाच."

"पुसा हो," डॉक्टरीणबाई हसल्या. "आता खुशाल पुसा."