निळी बाई

गाणी टीव्हीवर 'दाखवायची' टूम नवीन होती तेव्हाची गोष्ट. दोघी बहिणींतल्या थोरलीनं गाणं गायलं होतं. तोंड मात्र धाकटीचं घेतलं, कारण दिग्दर्शकाला थोरलीचं थोबाड पसंत नव्हतं. तो हे तिच्या तोंडावरच बोलला. असल्या माणसांना लाज नावाचा अवयवच नसतो.

स्टुडिओ म्हणजे जुनं गोदाम. मागे निळा पडदा. यंत्र निळा रंग तेवढा गिळायचं आणि त्या जागी समुद्र दाखवायचं. धाकटीला समुद्रावर तरंगायचं होतं. म्हणून थोरलीला नखशिखांत निळं घातलं: निळे हातमोजे, तोंडावर निळी टोपडी. तिनं मागून बहिणीला कमरेला धरून उचलायचं.

गाणं दुप्पट वेगानं वाजवायचे. धाकटी भराभर ओठ हलवायची. नंतर चित्र संथ केलं की ओठ शब्दांवर बसायचे आणि केस पाण्यात असल्यासारखे हलायचे. धाकटीला तो वेग झेपेना. मग थोरली कमरेवर बोटं दाबून एकेक शब्द सांगायची. चुकली की चिमटा.

"ताई, सोलशील मला."

"मग नीट गा की. नुसतं तोंड तर हलवायचंय."

थोरलीची अट एकच होती. शेवटच्या ओळीला टोपडी काढणार, एकदा तरी माझा चेहरा दिसू दे. दिग्दर्शक "बरं, बरं" म्हणाला. कापायला कात्री त्याच्याच हातात होती.

शेवटची ओळ आली. थोरलीनं टोपडी काढली. घामेजलेला, सावळा, उघडा चेहरा. सगळ्यांनी पाहिला.

मॉनिटरवर तिच्या जागी समुद्रच होता.

"दादा, यंत्र बंद करा," ती कॅमेरावाल्याला म्हणाली.

त्यानं समुद्र घालवला. आता साधा निळा पडदा दिसला, अधांतरी धाकटी दिसली. मागे कुणी नव्हतं. थोरलीनं दातांनी हातमोजा ओढून काढला आणि तो हात हलवला. मॉनिटरवर काही हललं नाही.

"झकास," दिग्दर्शक म्हणाला. "आता निळ्या कपड्यांचाही खर्च वाचला."

थोरलीनं बहिणीची कंबर सोडली, टोपडी खुर्चीवर टाकली आणि चालू लागली. मॉनिटरवर दार आपोआप उघडलं आणि मिटलं.

स्पीकरवर वाद्यं तशीच वाजत होती. गाणारा आवाज तेवढा गेला होता. दिग्दर्शकानं टेप मागे नेली, पुन्हा लावली. तबला, बासरी. बाकी काही नाही.

"आवाज कुठाय?" तो खेकसला.

सगळे धाकटीकडे बघत होते, मॉनिटरवर नव्हे, समोर. ती आपल्या पायांकडे बघत होती. पाय जमिनीपासून हातभर वर होते.

तिनं तोंड उघडलं. ओठ स्पष्ट 'ताई' म्हणत होते, पुन्हा पुन्हा, भराभर.

गोदामात तबला तेवढा वाजत होता.