एकाच कापडाची दोन कव्हरं

"फोन आहे की गळकी बादली! सकाळी काठोकाठ भरावी, तर दुपारी ठणठणाट."

धाकटी तोंडात टाचण्या धरून पुटपुटत होती. बोलणं फोनशी चाललं होतं. दोघींच्या शिवणकामाच्या दुकानात शेजारच्या मशीनवर तिची थोरली जाऊ बसली होती, पण तिच्याशी बोलणं तिने जवळपास टाकलंच होतं. कात्रीसुद्धा उठून स्वतः घ्यायची.

"माझा घे हवा तर," थोरली म्हणाली.

"नको. तुमच्याकडे काही ठेवलं की ते घरभर होतं, ताई."

थोरलीची शिवण सर्रकन वाकडी गेली. उसवत बसावं लागलं.

दुखणं साधं नव्हतं. धाकटीला एका नाटकमंडळीच्या कपडेपटात नोकरी मिळत होती. आपलं काम दाखवायला ती गुपचूप जाऊन आली होती, आणि ते फक्त थोरलीला ठाऊक होतं. त्याच संध्याकाळी धाकटीच्या नवऱ्याने हसत विचारलं, "काय, नाटकवाल्यांच्या दारात कसं काय जाणं झालं?" झालं! थोरलीने चुगली केली, असं धाकटीने मनात पक्कं करून टाकलं. नोकरीचा होकार उद्या कळवायचा होता. घरात बोभाटा झाल्यावर आता ती कळवणार नव्हती.

चुगली थोरलीने केली नव्हती. मग भावजींना कळलं कसं? हा प्रश्न तिला सुईसारखा टोचत होता. उठावं, पाणी प्यावं, परत बसावं, आणि टोचणी तिथल्या तिथे. भावजींना तसं नेहमीच कळायचं. धाकटी कुठे गेली, कुठे रेंगाळली. "त्याला आतून कळतं गं," सासूबाई कौतुकाने म्हणायच्या. थोरलीचा नवरा अशा वेळी ताटात बघायचा. फोनमधलंही सगळं भावजींनाच कळायचं. घरात नवा फोन आला की तो आधी त्यांच्या हाती. ते सगळं लावून देणार, पासवर्ड तेच ठरवणार, विसरलं तर तेच सांगणार. बायकांना आयतं मिळायचं, कुणाला त्यात वावगं वाटलं नव्हतं.

बटणं संपली म्हणून थोरली टेबलावरचा फोन पिशवीत टाकून तरातरा निघाली. बटणवाल्याकडे गर्दी होती. झग्याच्या रंगाशी बटणं जुळवता जुळवता पाय दुखून आले. दुकानात कळवावं म्हणून तिने फोन काढला, तर तो तापलेल्या पोराच्या कपाळासारखा कढत. पडद्यावर धाकटीच्या भाचीचा फोटो. घोटाळा झाला होता. दोघींच्या फोनची कव्हरं तिनेच शिवली होती, एकाच उरलेल्या निळ्या तुकड्यातून. बचत केली ती अशी भोवली! आता हिचा फोन आपण वाचला, असंही ऐकून घ्यावं लागेल, या धास्तीने ती परतली. धाकटी गिऱ्हाइकाच्या मापात गुंतली होती. थोरलीने फोन गुपचूप जागेवर ठेवून स्वतःचा उचलला.

संध्याकाळी सगळे जेवायला बसले. भावजींनी पाण्याचा घोट घेतला आणि बायकोकडे बघितलं.

"आज बटणवाल्याकडे फार वेळ रमलीस?"

"मी? मी दुकानातून उठलेसुद्धा नाही."

"बरं बरं. एवढ्याशा गोष्टीसाठी खोटं कशाला?"

"अगं, काळजी असते त्याला," सासूबाई म्हणाल्या.

धाकटीने थोरलीकडे रोखून बघितलं. *आता हेही तुम्हीच सांगितलंत?*

थोरलीच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. बोललं तर घराची शिवण उसवणार. नाही बोललं, तर उद्याचा दिवस निघून जाणार. तिने भांडं उचललं, ठेवलं, पुन्हा उचललं.

"बटणवाल्याकडे मी गेले होते, भावजी."

"मग दोघी गेला असाल."

"मी एकटी. चुकून हिचा फोन पिशवीत गेला होता. ही बसली होती मशीनवर."

भावजींनी घास परत ताटात ठेवला.

"रेंजचा घोळ असेल," भावजी म्हणाले. हसू अर्ध्यातच विरलं. "हल्ली बाहेरचे लोक फोनमध्ये घुसतात, वहिनी. आण गं तो फोन, बघतो मी."

सवयीने धाकटी उठली, फोन घेऊन आली. भावजींनी हात पुढे केला. मध्येच थोरलीने फोन घेतला आणि आपल्या मांडीखाली सारला.

"हा आता तुमच्या हातात द्यायचा नाही. उद्या आम्ही दोघी बाजारात जाऊन तपासून घेऊ. सगळं पुसून टाकायला सांगू. नवा पासवर्ड हिचा ही घालेल, मलाही सांगणार नाही."

"पुरे आता," थोरलीचा नवरा ताटात बघत म्हणाला. "जेवू द्या सुखाने."

"जेवा की. मी कुणाचा हात धरलाय?" थोरली थांबायला तयार नव्हती. धाकटी उभीच होती, हात तसाच पुढे, फोन नसलेला. तिच्याकडे बघूनच थोरली बोलली, दिराकडे बघायचं धाडस झालं नाही.

"बाहेरून कुणी घुसलेलं नाही. भावजी, या फोनमधून तुम्हीच बायकोवर पाळत ठेवता."