मी शेंग नव्हे

मी लाल जिनसेंग बोलतेय. कोरियाची मुळी. शेंग नव्हे, मुळी! हे सुरुवातीलाच ठणकावून सांगते, कारण या एका शब्दाच्या घोटाळ्यापायी कॅलिफोर्नियातल्या फ्रीमाँट गावात माझी टाच घासली गेली. टाचेचं मला काही नाही. पण त्या दिवशी एका तान्ह्या लेकराच्या ओठांपर्यंत मी जवळजवळ पोचले होते, आणि तिथे माझं काहीही काम नव्हतं.

मराठी मला कुणी शिकवली नाही. स्वयंपाकघराच्या खणात पडल्या पडल्या ऐकून ऐकून शिकले. चुकलं तर चुकलं. डोंगराच्या पोटात सहा हिवाळे काढलेत मी, तुमच्या व्याकरणाला घाबरणार नाही.

माझा जन्म कोरियातल्या एका डोंगरउतारावर झाला. आमच्यासाठी जमीन आधी नुसती पडीक ठेवून विसावा देतात, मग बी टाकतात. वर गवताचं छप्पर, कारण ऊन आम्हाला सोसत नाही. आणि जिथे आम्ही एकदा वाढलो, तिथे पुढे कित्येक वर्षं आमचं दुसरं पीक येत नाही. मातीतला सगळा कस आम्ही ओढून घेतो. याला कुणी हावरटपणा म्हणेल. मी म्हणते, कामाला निघायचं तर शिदोरी पुरेशी हवी.

चौथ्या वर्षीच काही शेजारणींना उपटून नेलं. त्या खुशीत होत्या, लवकर जग बघायला मिळणार म्हणून. मी थांबले. सहाव्या वर्षी अंग भरतं, डोकं, धड, पाय असा माणसासारखा आकार येतो. त्याहून जास्त थांबलं तर आतून लाकूड होतं. म्हणजे कधी थांबायचं हे कळण्यातच निम्मी गुणवत्ता आहे, आणि ते पुष्कळ माणसांनासुद्धा कळत नाही.

मग धुणं. साल काढत नाहीत, सालीतच पुष्कळ गुण असतो. मग वाफ. बाई गं, ती वाफ! पांढरी फटक आत गेले आणि तांबूस तपकिरी होऊन बाहेर आले. त्यानंतर उन्हात वाळवण. ज्या उन्हापासून जन्मभर लपवलं, त्याच उन्हात नेऊन टाकलं. मी दगडासारखी टणक झाले. कोण होणार नाही?

आणि शेवटी परीक्षा. अंधाऱ्या खोलीत एकेकीला दिव्यासमोर धरतात आणि आरपार बघतात. आत पोकळी आहे का? मध्ये पांढरा डाग आहे का? बाहेरून कितीही देखणी असा, आतून पोकळ निघालात की खालच्या पायरीवर. पायऱ्या तीन. पहिलीचं नाव ‘स्वर्ग’, दुसरीचं ‘पृथ्वी’, तिसरीचं ‘उत्तम’. तिसरीलासुद्धा उत्तम म्हणतात, इतकी सभ्य माणसं. मी ‘स्वर्ग’. शंभरात एखादीच निघते म्हणे. मी मोजायला गेले नाही, पण खोटं कशाला वाटावं?

लाल-सोनेरी पत्र्याच्या डब्यात, रेशमी कागदात गुंडाळून मी अमेरिकेला आले. फ्रीमाँटच्या एका टाउनहाउसमध्ये राहणाऱ्या सुनजा नावाच्या कोरियन बाईंना त्यांच्या मुलानं हा डबा भेट दिला होता. पण त्यांचं ब्लडप्रेशर जास्त, डॉक्टरांनी जिनसेंग बंद केलेलं. मुलाला हे सांगून त्याचं मन कोण मोडणार? तो दर वर्षी देतो, बाई दर वर्षी वाटून टाकतात. माझ्या बहिणी चर्चमधल्या मैत्रिणींकडे गेल्या. सगळ्यांत थोरली मी, मला डब्यासकट राखून ठेवलं होतं.

आता शेजारच्या घराची ओळख करून देते. तिथे उपासना आणि कुशल राहतात, दोघंही नोकरी करणारी. त्यांना नुकतीच मुलगी झाली, केया. बाळंतपणासाठी कुशलचे आईवडील नागपूरहून आले, रमाबाई आणि धर्मराज. धर्मराजकाकांना इथे आल्याआल्या न्यूमोनिया झाला. बरे झाले, पण अंगातला जोरच गेला. दिवसभर खिडकीशी खुर्चीत बसायचे. चहा? नको. जेवण? नको. नातीला घेता? नको, हात थरथरतात. पूर्वी म्हणे घरात त्यांचा आवाज बंद करावा लागे. आता त्यांच्याकडे एवढा एकच शब्द उरला होता.

सुनजाबाई रोज कुंडीला पाणी घालताना खिडकीतला तो चेहरा बघायच्या. एक दिवस मला उचललं आणि शेजारी जाऊन बेल वाजवली. मला आनंद झाला. थकलेल्या माणसाच्या पेल्यात उतरायचं, एवढ्यासाठी तर मी जन्मले! पण बाईंचं इंग्रजी तुटक, त्या म्हणाल्या, “फॉर फॅमिली. व्हेरी गुड,” आणि तीनदा वाकून निघून गेल्या. कुणासाठी ते सांगितलंच नाही.

उपासना ऑफिसच्या फोनवर होती. रमाबाईंनी डबा हातात घेतला, उलटा केला, बोटानं वाजवला.

“अगं बाई, काय सुंदर डबा आहे!”

हे माझं स्वागत. सहा वर्षं, वाफ, दिवा, स्वर्ग, आणि सुंदर काय, तर डबा!

“आत काय आहे गं उपासना?”

“जिनसेंग आहे, आई,” उपासना फोनवर हात ठेवून म्हणाली. “एक मिनिट हं, मी मीटिंगमध्ये आहे.”

“काय शेंग?”

“जिनसेंग!”

“जिनशेंग,” रमाबाईंनी मान डोलावली. “मुरडशेंगेतलाच प्रकार दिसतो. पाह्य, परक्या देशाची बाई, पण तिलाही समजते, बाळ झालं की गुटीचं सामान न्यावं.”

झालं. मला बाळगुटीच्या पिशवीत टाकलं आणि माझ्या डब्यात डिंकाचे लाडू भरले. तेही कागद न काढता. माझ्या रेशमी कागदावर तूप!

त्या पिशवीतल्या दिवसांबद्दल फार बोलत नाही. एका बाजूला वेखंड, त्याच्या वासानं माझं डोकं उठायचं. दुसऱ्या बाजूला हळकुंड, सारखं लग्नाकार्याच्या गोष्टी सांगणारं. मुरडशेंग मात्र मला बघून खवळली. “ही शेंग? हिला पीळ तरी आहे का?” मी म्हटलं, बाई, पीळ भरपूर आहे, पण तो आत आहे.

इकडे सासूसुनेत गुटीवरून वाद चालूच होता.

“आई, डॉक्टरांनी सांगितलंय, ओन्ली मिल्क. सहा महिने काहीच नाही.”

“कुशलला मीच दिली होती गुटी. तो काय कमी वाढला? दारातून वाकून येते तो.”

“आई, प्लीज!”

“बरं, नाही देत,” रमाबाई म्हणाल्या. पण ज्या सुरात म्हणाल्या, तो सूर माझ्या ओळखीचा होता. असं ‘बरं’ म्हणणारी बाई आपलंच खरं करते. मीही तसंच म्हणते.

एका सकाळी उपासना आंघोळीला गेली. रमाबाईंनी सहाण काढली, वाटीत दूध घेतलं. हळकुंडाचा एक वेढा, बदामाचा एक, मुरडशेंगेचा एक. मग माझी तंगडी धरली.

मला काय वाटलं असेल, तुम्हीच विचार करा. मी मोठ्यांसाठी आहे. मोठ्यांतसुद्धा ज्याच्या त्याच्या तब्येतीला विचारून घ्यायची चीज आहे. एवढ्याशा जिवाच्या पोटात मी गेले तर काय होईल याचा भरवसा मलाच नाही. आणि मला ओरडता येत नाही! शेजारच्या गादीवर केया पाय झाडत पडलेली. खुर्चीतले धर्मराजकाका बघत होते, पण त्यांना काय माहीत?

मी एकच करू शकत होते. मी अंग आवळलं.

रमाबाईंनी एक वेढा घेतला. काही उतरलं नाही. दुसरा घेतला. सहाण कुरकुरली, मी नाही. “काय मेली चिवट शेंग आहे!” त्यांनी पदर खोचला आणि दोन्ही हातांनी रगडायला लागल्या. टाचेची साल गेली, तांबूस पाणी सुटायला लागलं. रमाबाईंची एक चांगली सवय, बाळाला देण्याआधी स्वतःच्या जिभेवर लावून बघतात. त्यांनी चाखलं.

“कडू... आता गोड लागते... आता मातीसारखी. पण उतरलीच नाही अजून नीट.” आणि पुन्हा घासायला लागल्या.

मी पोकळ असते, भुसभुशीत असते, तर पहिल्या दोन वेढ्यांत विरघळले असते आणि चमचा केव्हाच केयाच्या तोंडात गेला असता. पण मी स्वर्ग होते. मी वेळ खाल्ला. शेवटी रमाबाई थकल्या, जे काही उतरलं होतं ते चमच्यात घेतलं आणि केयाजवळ बसल्या.

बेल वाजली.

दारात सुनजाबाई, हातात बाळंतिणीसाठी समुद्री शेवाळाचं सूप. रमाबाईंनी चमचा वाटीत ठेवला. दारात पाहुणी उभी असताना हातातलं काम पुढे रेटणारी बाई ती नव्हे.

“या, या सुनजाबाई! बसा.” आणि धर्मराजकाकांकडे वळून हळूच म्हणाल्या, “नावातच ‘सुन जा’ आहे, पण ही ना सुनते ना जाते.” भाषा कळत नसली तरी सुनजाबाई हसल्या आणि बसल्या. मग रमाबाईंनी पाहुणचारासाठी काय पुढे करावं? माझा डबा!

सुनजाबाईंचा चेहरा उजळला. त्यांनी मोठ्या आदरानं झाकण उघडलं. आत डिंकाचे लाडू. त्यांनी एक लाडू उचलून खाली बघितलं, मग दुसरा उचलून खाली बघितलं.

“जिनसेंग?” त्यांनी विचारलं.

“हो, हो, शेंग!” रमाबाईंनी अभिमानानं सहाण पुढे केली. “बेबी! गुटी!”

“बेबी?” सुनजाबाई उठून उभ्या राहिल्या. “नो! नो बेबी! नो, नो, नो!”

आरडाओरडा ऐकून उपासना ओल्या केसांनीच धावत आली. सहाण बघितली, वाटी बघितली, तिचा रंग उडाला.

“आई, दिलं का तुम्ही? केयाला दिलं?”

“नाही.”

“नक्की?”

“बेल वाजली. नाही दिलं.” रमाबाईंचा आवाज कधी नव्हे तो बारीक झाला होता. उपासनेनं केयाला उचलून छातीशी धरलं. रमाबाईंनी वाटी मोरीत ओतली, चमचा घासला, धुतला, पुन्हा घासला. मग मागे न वळताच म्हणाल्या, “तू ‘शेंग’ म्हणाली तर मी काय समजू?”

थोड्या वेळानं त्यांनीच गुटीची पिशवी उचलली, गाठ मारली आणि उपासनेच्या हातात दिली. “ठेवून दे वर. माझा हात पोचणार नाही तिथं.”

एवढं म्हणायला त्यांना किती जड गेलं असेल, ते मला समजलं. आम्ही दोघी एकाच मातीच्या.

अशा वेळी दुसरी पाहुणी काढता पाय घेती. सुनजाबाई परत बसल्या आणि त्यांनी एक अख्खा लाडू खाल्ला. मग बोट दाखवून विचारलं, हे काय आहे?

“झाडाचा डिंक,” उपासनेनं इंग्रजीत सांगितलं. “बाळंतिणीला ताकद यावी म्हणून.”

सुनजाबाईंनी माझ्याकडे बोट दाखवलं, मग खिडकीशी बसलेल्या काकांकडे. हे त्यांच्यासाठी होतं. त्यांनी मला उचललं, खिडकीपाशी नेलं आणि उन्हासमोर धरलं. रमाबाईंना खुणेनं बोलावलं. रमाबाईंनी मला त्यांच्या हातातून घेतलं, स्वतः उन्हात धरून एक डोळा मिटून बघितलं, नखानं टकटक केली, हुंगलं. नागपुरात भाजीवाल्याला रडवणारी बाई ती.

“भरीव आहे,” त्या म्हणाल्या. “आत जराही पोकळ नाही. म्हणूनच घासत नव्हती, सटवी.”

त्या घरात माझ्याकडे पहिल्यांदा कुणी नीट बघितलं. ‘सटवी’सुद्धा मला पदवीसारखं वाटलं.

उपासनेनं डॉक्टरांना फोन लावला. त्यांनी काकांच्या गोळ्यांची नावं एकेक करून विचारली आणि म्हणाले, थोडंसं देऊन बघा, काही वेगळं वाटलं तर लगेच थांबवा. रमाबाईंना मात्र साफ नाही, त्यांचंही ब्लडप्रेशर जास्त. हे कळल्यावर दोन्ही म्हाताऱ्या एकमेकींच्या गोळ्यांच्या डब्या काढून बसल्या. गोळी एकच निघाली. त्यावर दोघी इतक्या हसल्या की केया दचकली.

“अहो,” रमाबाईंनी काकांना विचारलं, “ही मुळी वाफवून, काप करून, उकळून देते. कडू आहे. घ्याल?”

आता ‘नको’ येणार, हे सगळ्यांना ठाऊक होतं. उपासनेनं तर कप परत फळीवर ठेवायला हातही उचलला.

काकांनी माझ्या घासलेल्या टाचेकडे बघितलं. मग रमाबाईंकडे.

“तू अर्धा तास घासली, तरी हिनं ऐकलं नाही तुझं,” ते म्हणाले. “घरात असं कोणीतरी पाहिजेच होतं. आण, पाहू.”

रमाबाई ‘इश्श, काहीही’ म्हणाल्या आणि घाईघाईनं ओट्याकडे वळल्या. डोळे पुसले ते वाफेनं, असं त्यांचं म्हणणं. गॅस अजून पेटवायचा होता.

तर आता मी इडलीपात्रात बसले आहे. खाली पाणी गुणगुणायला लागलंय. ओट्यापाशी दोन म्हाताऱ्या किती वेळ वाफवायचं यावर दोन भाषांत भांडत आहेत आणि दोघींनाही वाटतंय की समोरचीला पटलं. वाफ माझ्या ओळखीची आहे. पहिल्या वाफेनं मला टणक केलं, ही मऊ करेल. त्याचं मला दुःख नाही. इतकी वर्षं घट्ट राहिले, ती योग्य जागी सैल व्हायलाच.

तुम्हाला एकच विनंती करते. कुणी काही आणून दिलं, तर ‘डबा छान आहे’ म्हणण्याआधी आत कोण बसलंय ते बघा. नाव नीट विचारा. आणि उन्हासमोर धरून बघायला लाजू नका. जी भरीव असते, तिला राग येत नाही.

झाकण घेऊन रमाबाई आल्या. खिडकीजवळून काकांचा आवाज येतोय, “झालं का गं?”

येते मी. माझी वाट बघतायत.