ताबा देईपर्यंत

"टँकर म्होरं जाऊ द्यायचा न्हाई, साहेब," म्हणत केवळाबाई भर रस्त्यात बसली. तिच्यामागे गावातल्या बाया घागरी घेऊन उभ्या होत्या. "बंद मिलीला पाणी, अन् आमची लेकरं तहानेली. ह्यो कुठला कायदा?"

महादेवप्पा स्कूटरवरून उतरले.

शिरूर अनंतपाळच्या रस्त्यावरची ती सोयाबीन तेलाची मिल दिवाळखोरीत निघाली होती आणि न्यायाधिकरणाने तिचा ताबा महादेवप्पांकडे दिला होता. लातूर नवा जिल्हा झाला तेव्हा ते बँकेत कारकून म्हणून लागले आणि अधिकारी होऊन निवृत्त झाले. मग साठीला टेकल्यावर परीक्षा देऊन त्यांनी दिवाळखोरी व्यावसायिकाचा परवाना मिळवला. हे त्यांचं पहिलंच प्रकरण. पण पहिल्याच बैठकीत कर्ज देणाऱ्या बँकांनी त्यांना बदलून मुंबईचा माणूस आणायचं ठरवलं. कारण कोणी सांगितलं नाही. न्यायाधिकरणाचा आदेश येईपर्यंत जबाबदारी मात्र त्यांचीच होती.

"आता फक्त सांभाळा," बँकेच्या मॅडम फोनवर म्हणाल्या होत्या. "नवा खर्च नको. तुमच्या फीचं नंतर बघू."

काय सांभाळायचं होतं ते मॅडमनी पाहिलेलं नव्हतं. मिलच्या मागे जमिनीखाली हेक्झेनची टाकी होती. सोयाबीनमधून तेल ओढून काढणारं हे रसायन पेट्रोलसारखं पेट घेतं. त्यासाठी आग विझवायच्या पाण्याचा हौद कायम भरलेला लागतो. यंदाच्या दुष्काळात मिलची विहीर आटली, हौदालाही तडा गेलेला. म्हणून महादेवप्पा स्वतःच्या पेन्शनमधून टँकर आणत होते आणि हौद ते पाणी पिऊन टाकत होता.

त्यांनी टँकर तिथेच रिकामा करायला सांगितला. बाया धावल्या.

मिलचा जुना फिटर किशनराव फाटकात उभा होता. "साहेब, हौदात गुडघाभर बी पाणी न्हाई. ऊन असं हाय की पत्रा चटके द्यायलाय. काय झालं तर?"

"टाकीच रिकामी केली तर?"

"करता यील. पर माल कंपनीचा हाय. इचारलंव का कोणाला?"

बँकेला विचारलं होतं. 'नव्या साहेबांना ठरवू द्या,' एवढंच उत्तर आलं होतं. नवे साहेब कधी येणार, हे कोणालाच माहीत नव्हतं. तोवर वाट पाहिली, तर महादेवप्पांना कोणी दोष देणार नव्हतं. परवानगीशिवाय माल हलवला, तर परवाना जाऊ शकत होता. त्या रात्री त्यांना झोप लागली नाही. सकाळी उठून त्यांनी नांदेडच्या रसायन व्यापाऱ्याला फोन लावला. तो पडत्या भावात माल उचलायला तयार झाला. पैसे कंपनीच्या खात्यात जमा करायचे ठरले.

माल न्यायचा त्या दिवशी ते आधी केवळाबाईच्या दारात गेले.

"बाई, आज पाण्याचा टँकर मिलीत उभा ठेवू द्या. अन् मी सांगेपर्यंत गावात चूल पेटवू नका. विडीसुद्धा नको."

"कामून?"

त्यांनी टाकीचं सगळं सांगितलं. केवळाबाई उंबऱ्यावर मटकन बसली.

"म्हंजे इतके दिवस आमी ह्याच्या उशाला झोपलाव? अन् तुमी बोलला न्हाईत?"

"घाबराल म्हणून बोललो नाही. चुकलं माझं."

ती उठली, पदर खोचून बाहेर पडली. थोड्या वेळाने घराघरात चूल पेटवू नका म्हणून सांगणारा तिचा आवाज ऐकू येत राहिला.

ठिणगी पडू नये म्हणून किशनरावने व्यापाऱ्याच्या टँकरला जमिनीशी तार जोडली, नळी लावली, पंप सुरू केला. महादेवप्पा जवळच उभे राहिले. एकदा नळीचा जोड ठिबकला. किशनराव ओरडला आणि पंप थांबला. जोड आवळून पुन्हा सुरू केलं. उन्हं कलली तेव्हा तळाचा गाळ तेवढा उरला. तोही उपसून टाकी पाण्याने धुतली आणि पाण्याच्या टँकरमधलं उरलेलं पाणी गावाला दिलं. संध्याकाळी चुलींचा धूर वर चढला.

पुढच्या बैठकीला महादेवप्पा घरूनच लॅपटॉपसमोर बसले.

"परवानगीशिवाय विक्री केलीत, तीही कमी भावात," मॅडम म्हणाल्या.

"हो मॅडम. धोका होता."

"तो नव्या साहेबांनी पाहिला असता. टँकरचा खर्च बँकांची समिती मंजूर करत नाही. फी निम्मी धरू."

भांडता आलं असतं. पण तक्रार झाली तर परवाना जाणार, ही धास्ती होतीच. 'ठीक आहे,' म्हणून त्यांनी लॅपटॉप मिटला.

आदेश आला आणि ताबा घ्यायला मुंबईचा माणूस गाडीतून उतरला. आवार पाहायच्या आधीच त्याने दबक्या आवाजात विचारलं, "हेक्झेन नाही ना आत?"

"नाही. रिकामी आहे टाकी."

त्याने मोठा श्वास सोडला आणि सह्या करायला पेन काढलं. आभार मानले नाहीत.

महादेवप्पा लातूरला घरी आले. टाकी उपसली त्या दिवसाचा शर्ट अजून खुंटीलाच होता. त्यांच्या बायकोने, शांतम्माने, तो नाकाशी नेला.

"अहो, अजून तेलकट वास येतोय याला. धुवायला हवा, पण नळ कधी येणार कोण जाणे."

तिने शर्ट गच्चीत नेऊन दोरीवर टाकला. गरम वारा सुटला होता. महादेवप्पा तिथेच खुर्ची टाकून बसले. शर्टाच्या बाह्या वाऱ्याने भरत होत्या, पुन्हा रिकाम्या होत होत्या.