तळघरातून ऐकलेलं भांडण

मित्रांनो, मी घर ऊबदार ठेवणारी एक जुनी भट्टी आहे. सध्या अंगणातल्या बर्फावर आडवी पडून भंगारवाल्याच्या ट्रकची वाट बघते आहे. तो येण्याआधी मला सगळं सांगून टाकायचं आहे.

पोलादी पोट, पोटात गॅसची निळी ज्योत आणि चहूकडे गेलेले पत्र्याचे रुंद नळ, अशी मी कारखान्यातून बाहेर पडले. अमेरिकेतल्या मिल्वॉकी शहरातल्या एका लहानशा घराच्या तळघरात मला बसवलं. नळांतून मी ऊब वर पाठवायची आणि त्याच नळांतून वरचं बोलणं माझ्यापर्यंत खाली यायचं. पहिले मालक दरवर्षी पानगळीत मला तपासून घ्यायचे. पाठीवर थाप मारून म्हणायचे, "बाई, तुझ्या जिवावर आमचा हिवाळा!" ते वारले आणि घर कोरिनने घेतलं.

कोरिन दातांच्या दवाखान्यात काम करायची. भाड्याने द्यायला घेतलेलं हे तिचं पहिलंच घर. तिने हौसेने भिंती रंगवल्या, दारापाशी फुलझाडं लावली. तळघराच्या पायऱ्या मात्र ती कधी उतरली नाही. पहिल्या भाडेकरूंनी जाताना दारं फोडली आणि घरात विषारी वायू साठला की वाजणारी घंटाही भिंतीवरून उचकटून नेली. "पुढच्या आठवड्यात नवी लावते," कोरिन म्हणाली. तो आठवडा काही उगवला नाही. तिचा थोरला भाऊ गस तेवढं बजावून गेला, "तू फार मऊ आहेस. यापुढे कुणाच्या रडगाण्याला भुलायचं नाही."

मग येसेनिया राहायला आली. बेकरीत काम करणारी, हसऱ्या आवाजाची. सोबत तिची लहानगी इत्झेल. त्याच हिवाळ्यात माझ्या पोटाला चीर गेली. जो वायू धुराड्यातून बाहेर जायचा, तो आता उबेबरोबर त्या दोघींच्या खोल्यांत जाऊ लागला. त्याला वास नाही, रंग नाही. मला कळत होतं, पण बोलता येत नव्हतं. मी नुसती खडखडत राहिले. थंडी वाढली की मला पुन्हा पेटावंच लागायचं.

"कोरिन, भट्टी लागली की माझं डोकं फुटतं," येसेनिया फोनवर सांगायची. "पोरगी सारखी झोपून असते. एकदा कुणाला तरी बघायला पाठवा ना!"

एकदा नाही, अनेकदा सांगितलं. दर वेळी कोरिनचं एकच उत्तर, "भट्टी ठीक आहे." शेवटी ती भर थंडीत खिडक्या उघड्या ठेवू लागली. गॅसचा खर्च कोरिनच्या अंगावर होता. रस्त्यावरून जाताना तिने त्या उघड्या खिडक्या पाहिल्या मात्र, गसला घेऊन ती त्याच रविवारी दुपारी दारात हजर झाली.

"आभाळ तापवतेस का गं?" आत येताच ती कडाडली आणि तिने धडाधड खिडक्या लावल्या.

"आत जीव गुदमरतो, म्हणून उघडल्या."

"सगळ्यांची कारणं ठरलेली असतात," गस म्हणाला.

स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसून तिघं भांडत राहिले. मी खाली जळत होते. विझावं असं वाटत होतं, पण विझणं माझ्या हातात नव्हतं. हळूहळू कोरिनचे शब्द अडखळू लागले.

"गस, तुझं डोकं दुखतंय का रे?"

"दुखणारच. मघापासून बडबडतेयस!"

येसेनिया भिंत धरत आतल्या खोलीत गेली आणि तिची किंकाळी नळांतून माझ्यावर येऊन आदळली. "इत्झेल उठत नाहीये!"

कोरिन धावली. पोरीला ब्लँकेटसकट उचलून ती अनवाणीच बर्फात उतरली. गसने येसेनियाला ओढत बाहेर आणलं. अग्निशमन दलाने मला बंद केलं. इस्पितळात इत्झेलने डोळे उघडले, हे मला पुढे कळलं.

दुसऱ्या दिवशी कोरिन पहिल्यांदा तळघरात आली. माझ्या चिरेवर दिवा धरून बराच वेळ उभी राहिली.

माझ्या जागी नवी भट्टी आली, प्रत्येक खोलीत घंटा लागली. काल कोरिनने येसेनियाला घर दाखवायला आणलं. दोघी इथेच, माझ्याशेजारी उभ्या होत्या.

"आता सगळं ठीक आहे. परत ये," कोरिन म्हणाली.

"ठीक आहे, असं तुम्ही तेव्हाही म्हणायचात."

"मग काय करू, तूच सांग."

"आधी तुम्ही राहा इथे. खिडक्या लावून. मग मी पोरीला आणायचं की नाही ते ठरवीन."

कोरिन मान हलवून निघून गेली. मला वाटलं, संपलं.

मित्रांनो, ज्या घरात तुम्ही राहत नाही, तिथे राहणारा काय सांगतो ते ऐका. त्याचं दुखणं खोटं ठरवण्याआधी एकदा पायऱ्या उतरून बघा. माझं एवढंच मागणं आहे.

ट्रक कोपऱ्यावर वळतो आहे. आणि ती पाहा, कोरिन. काखेत उशी, खांद्यावर पांघरूण. ती घरात शिरली आहे आणि एकेक खिडकी लावून घेते आहे.