लाल खिळ्यावरची पाटी

“मास्तर, माझी पाटी इथे कुणी लावली?”

हेडाने आइस हॉकीची काठी भिंतीला टेकवून ठेवली होती आणि मान मागे टाकून ती लाल खिळ्याकडे बघत होती.

“मी लावली. परवा गुरुवारी.”

“काढा ना. मला गोलमध्ये नाही राहायचं.”

“का गं?”

“तिथे नुसतं उभं राहायचं. आणि पक लागतो.”

“मागच्या शनिवारी आल्वार राहिला की.”

“तो रडला.”

“रडलाही आणि उभाही राहिला. दोन्ही एका वेळी जमतं.”

हेडाला हे फारसे पटले नाही, पण ती पॅड आणायला गेली.

आमच्या टाल्सेलेत दहा वर्षांखालच्या मुलांमध्ये कायमचा गोलकीपर नसतो. दर शनिवारी नवा. मी शाळेत सुतारकाम शिकवत असे, तेव्हा बर्चच्या लाकडाच्या छोट्या पाट्या कापून मुलांना त्यांवर आपापले नाव डागायला लावायचो. वर एक भोक आणि त्यात चामड्याचा फास. त्या पाट्या फळीवरच्या बारा खिळ्यांना टांगलेल्या असतात, आणि त्यांच्या बऱ्याच वर, मुलांचा हात पोचू नये अशा उंचीवर, लाल रंगाचा एक खिळा आहे. त्यावर ज्याची पाटी, तो त्या शनिवारी गोलमध्ये. गुरुवारी संध्याकाळी मी पाटी बदलतो. आज मी ऐंशी वर्षांचा आहे. उघड्यावरचे जुने मैदान जाऊन छपराचा हॉल आला, तेव्हा ही फळी मी स्वतःच्या खांद्यावर इथे आणली.

त्या दिवशी माझ्या कोटाच्या खिशात एक जुनी पाटी होती. ‘स्टाफान’ असे नाव तिच्यावर डागलेले, त्यातला ‘फ’ जरा जास्तच करपलेला. बाकी सगळ्या पाट्यांना चामड्याचा फास आहे, हिला तेवढी तांब्याची तार. चामडे पुन्हा पुन्हा तुटायचे म्हणून मी तार घातली होती, एवढेच आठवते.

“दोन मिनिटं, मास्तर,” पायऱ्यांवरून आवाज आला. क्लबची अध्यक्षा सोल्वेग, स्टाफानची थोरली बहीण. “दुपारी दोनच मिनिटं बोलायचंय तुम्ही. गेल्या वेळी निरोपाच्या भाषणात तुम्ही रंध्याला धार कशी लावायची तेपण सांगितलं होतंत.”

“लोकांना आवडलं होतं ते.”

“एकाला आवडलं होतं, आणि तो पतपेढीत नोकरीला, रंधा कधी हातात न धरलेला. नेहमीचंच बोला. पहिल्याच हिवाळ्यात स्टाफानला कसं ओळखलंत ते.”

दुपारच्या सामन्याआधी स्टाफान न्यूहोल्मची जर्सी, कायमचा मान म्हणून, हॉलच्या छताला चढवायची होती. बावीस वर्षे तो मोठ्यांच्या संघांत खेळला. सात हिवाळे कॅनडात, चौदा वर्षे देशाच्या संघात. गोलकीपर म्हणून वर्तमानपत्रे त्याला ‘कुलूप’ म्हणत. सुवर्णपदक मिळाले त्या रात्री लाकडाच्या गिरणीचा भोंगा कुणीतरी दहा मिनिटे वाजवत ठेवला होता. तेव्हा एक बातमीदार माझ्याकडे आला आणि विचारू लागला, तुम्ही त्याच्यातला गोलकीपर कसा ओळखलात? मी म्हणालो, त्याचे डोळे पाहून. तेव्हापासून वीस वर्षे मी तेच सांगत आलो होतो.

ते खरे नव्हते.

सोल्वेगच्या मागून स्टाफान कॅन्टीनच्या पायऱ्या चढत होता. एक्कावन्न वर्षांचा माणूस आडवा वळून, कठड्याला धरून, एक पाय वर ठेवायचा आणि दुसरा त्याच्या शेजारी. दोन्ही खुब्यांचे सांधे बदललेले. तीस वर्षे गुडघे आत वळवून बर्फावर बसल्यावर खुबे राहतात कुठे? मी त्या पायऱ्या मोजत होतो. अकरा होत्या. दर पायरीला मला वाटे, हे माझ्यामुळे.

“माझ्याकडे बघत बसू नका, मास्तर,” तो वर पोचून तिथूनच म्हणाला. “ऐंशीचे तुम्ही आहात, मी नाही.”

मुले तरुण शिक्षिकेबरोबर बर्फावर गेली. आम्ही तिघे वरच्या कॅन्टीनमध्ये काचेपाशी बसलो. सोल्वेगने उकळलेली काळी कॉफी ओतली आणि आमच्याकडच्या रीतीप्रमाणे चीजचे तुकडे कपांत टाकले. खाली गोलच्या चौकटीत हेडा दोन्ही हातांनी काठी धरून उभी होती, जणू कुणीतरी तिला तिथे रोवले होते.

मी खिशातली पाटी काढून टेबलावर ठेवली.

“दुपारी मी भाषण करणार नाही,” मी म्हणालो. “आधी तुला काहीतरी सांगायचंय. तू गोलकीपर झालास ते माझ्या चुकीनं.”

स्टाफानने चमचा खाली ठेवला.

“तू नऊ वर्षांचा होतास. त्या हिवाळ्यात माझी बायको, गुनवोर, इस्पितळात होती. शुक्रवारी शाळा सुटली की मी बस पकडायचो आणि रविवारी परत यायचो. शनिवारी मैदानावर गिरणीतला कुणातरी पोराचा बाप असायचा, तो फळी बघून मुलं उभी करायचा. मार्चमध्ये ती गेली. त्यानंतरच्या शनिवारी मला कुठे जायचं नव्हतं, म्हणून मी मैदानावर आलो. लाल खिळ्यावर तुझी पाटी. मी विचारलं, आज याची पाळी का? तर ते म्हणाले, जानेवारीपासून तोच आहे. दहा शनिवार.”

“अकरा,” स्टाफान म्हणाला.

“मी पाटी बदललीच नव्हती. मला त्या हिवाळ्यातलं काही आठवत नाही रे. बसच्या काचा तेवढ्या आठवतात. उणे वीसमध्ये एक पोर दहा शनिवार गोलमध्ये उभं राहिलं आणि एका शब्दानं कुणाला बोललं नाही. मी तेव्हा सांगायला हवं होतं. पण ईस्टरचा सामना तू जिंकून दिलास, सगळे म्हणाले, यालाच राहू दे. मी गप्प बसलो. आणि आता तू हा असा पायऱ्या चढतोस.”

खाली पकची रबरी चकती गोलच्या खांबावर आदळल्याचा आवाज झाला.

स्टाफानने पाटी उचलली, उलटी केली, तारेवरून अंगठा फिरवला. आणि तो हसू लागला. आधी नुसते खांदे हलले, मग त्याला कप बाजूला सरकवावा लागला.

“चाळीस वर्षं तुम्ही हे धरून बसलात?”

“बेचाळीस.”

“मास्तर, तुम्ही पाटी बदलत होतात. दर गुरुवारी. एकदाही चुकला नाहीत.”

“तुझी समजूत काढायची रीत चांगली आहे.”

“समजूत नाही. शुक्रवारी मी ती काढून माझी लावायचो. शनिवारचा खेळ संपला की पुन्हा तुम्ही लावलेली टांगून ठेवायचो, म्हणजे तुम्हाला कळू नये. त्या शेवटच्या शनिवारी तुम्ही अचानक आलात, म्हणून राहून गेलं.”

“तुझा हात पोचत नव्हता तिथे.”

“हात नव्हताच पोचत. काठीच्या टोकानं फास उचलायचो. दर वेळी ओढाताण. चामडं तुटायचं, आणि सोमवारी बघावं तर तुम्ही नवीन लावलेलं असायचं. दोनदा तुटलं. तिसऱ्यांदा ही तार आली. तार बरी पडली, काठीला चटकन अडकते.”

मी पाटीकडे पाहत राहिलो. चामडे का तुटते हे मी कुणालाही कधी विचारले नव्हते. कुणाला सांगितलेही नव्हते. तेव्हा मला वाटले होते, उंदीर असतील.

“पण का रे?” मी विचारले. “कुणालाच नको असायचा गोल.”

स्टाफानने बहिणीकडे पाहिले आणि पुन्हा कपाकडे.

“सांग, सांग,” सोल्वेग म्हणाली. “मलाही ऐकू दे.”

“हिचे बूट,” तो म्हणाला. “हिला लहान झालेले नाचायचे स्केटचे बूट मला दिले होते. पांढरे. बाबांनी चुलीचा काळा रंग फासला, तो दुसऱ्या दिवशीच उडायला लागला. सगळी पोरं मला राजकन्या म्हणायची. गोलकीपरचे पॅड घातले की बूट पार झाकून जायचे. खालचं काही दिसायचं नाही.”

“म्हणजे देशाला सुवर्णपदक माझ्या बुटांनी दिलं,” सोल्वेग म्हणाली. “आणि मला आजवर एक पोस्टकार्ड नाही.”

“बूट चावायचे तुझे.”

“चांगल्या बुटांना तुझे पाय चावले असतील.”

“मग पुढच्या वर्षी काळे बूट आले,” मी म्हणालो. “तेव्हा का नाही बाहेर आलास?”

“तोवर आवडायला लागलं होतं. सगळे तुमच्याकडे धावत येतात आणि तुम्हाला कुठे जायचं नसतं.” मग तो म्हणाला, “खुबे माझे आहेत, मास्तर. मी खर्च केले. मजेत केले.”

“खरंच?”

त्याने आत श्वास ओढून ‘हो’ म्हटले, आमच्याकडे म्हणतात तसे, ओठांतून वारा आत जातो आणि बोलणे संपते.

सोल्वेगने न विचारता माझ्या कपात आणखी कॉफी घातली. आणि तेव्हा, तिच्या हातातल्या किटलीकडे बघता बघता, मला ते आठवले. इस्पितळातली खोली, शुक्रवारची संध्याकाळ, मी अजून कोट काढलेला नाही आणि गुनवोर उशीवरून विचारते आहे, “या शनिवारी कोण?” दर शुक्रवारी तिचा पहिला प्रश्न तोच असायचा. आणि मी नाव सांगायचो. स्टूरे. मग क्येल. मग सुताराचा तो तोतरा मुलगा, रोलान. दर वेळी वेगळे नाव. तिला सगळी मुले ठाऊक होती. रोलानचे नाव ऐकून म्हणाली होती, त्याला मफलर घालायला सांग.

नाव वेगळे होते, म्हणजे पाटी वेगळी होती. त्या हिवाळ्यातही मी माझे काम करत होतो.

खालून हेडा पायऱ्या चढून आली, पॅडसकट, बदकासारखी. घामाने केस कपाळाला चिकटलेले.

“मी सात अडवले,” ती मला म्हणाली. मग तिचे लक्ष स्टाफानकडे गेले, भिंतीवरच्या फोटोकडे आणि पुन्हा त्याच्याकडे. “पुढच्या शनिवारी पण मी राहू का?”

“नाही,” स्टाफान गंभीरपणे म्हणाला. “पाळी म्हणजे पाळी.”

सोल्वेगला कॉफीचा ठसका लागला.

दुपारी भाषणाला मला अर्धे मिनिटही लागले नाही. मी म्हणालो, “याला मी ओळखलं असं इतकी वर्षं सांगत होतो. ते खोटं आहे. मी त्याला गोलमधून दर आठवड्याला बाहेर काढत होतो, आणि तो ऐकत नव्हता.” लोक हसले. स्टाफान सर्वांत आधी हसला. मग जर्सी वर जाऊ लागली, तीस आकडा असलेली, दोरीला एक हिसका बसून मध्येच थांबली, पुन्हा हलली आणि छताला जाऊन टेकली. तो काठीवर भार देऊन मान वर करून पाहत होता. जुनी पाटी मी त्याला द्यायला गेलो, तर त्याने माझी मूठ मिटून ती माझ्याच खिशात घातली.

सामना सुरू झाला तेव्हा मी खाली फळीपाशी गेलो. गुरुवार यायला पाच दिवस होते, पण आता हात मोकळे होते. लाल खिळ्यावरून हेडाची पाटी काढली, खालच्या ओळीत टांगली आणि पुढची उचलून वर लावली. फास सरळ केला. वर हॉलमध्ये लोक ओरडत होते. इथे कुणी नव्हते.

“या शनिवारी व्हिगो,” मी म्हणालो.